वाचाघातासाठी मेंदूउद्दीपन: घरच्यांनी काय पाहावे, काय विचारावे, काय करावे

पक्षाघाताचा झटका येऊन वर्ष होत आले आहे, उजवा पाय बऱ्यापैकी सावरला आहे, गृहस्थ काठी घेऊन अंगणापर्यंत जातात, पण समोरच्या कपाकडे बोट दाखवून ‘चहा’ एवढा एक शब्द काढताना त्यांच्या कपाळावर घाम येतो. अशा घराला कधी ना कधी कोणीतरी सांगते की, डोक्याला सौम्य वीज किंवा चुंबक लावून वाचा परत आणणारे उपचार आता निघाले आहेत. सांगणाऱ्याचे म्हणणे अगदी खोटे नसते आणि सगळे खरेही नसते. कवटी न उघडता, भूल न देता मेंदूला बाहेरून उद्दीपन देण्याच्या दोन पद्धतींवर गेली वीसेक वर्षे वाचाघाताच्या रुग्णांमध्ये संशोधन चालू आहे, आणि काही रुग्णांना शब्द आठवण्यात त्यांची मदत झाल्याचे दिसले आहे. ही मदत मात्र वाचोपचाराच्या, म्हणजे स्पीच थेरपीच्या, जोडीने मिळालेली आहे, आणि ती जोडी नीट जमवण्याचे बरेचसे काम घरच्यांकडेच येते. पुढील मजकूर त्या जमवाजमवीसाठी आहे. तो डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा घेणार नाही, पण डॉक्टरांसमोर बसल्यावर काय विचारायचे ते त्यावरून ठरवता येईल.

बिघाड नेमका कशात आहे

‘बोलता येत नाही’ या एका वाक्याखाली तीन वेगळ्या गोष्टी येतात. जीभ, ओठ आणि घसा यांचे स्नायू दुबळे झाल्यामुळे शब्द जड आणि बोबडे येतात, पण कोणता शब्द हवा हे माणसाला पक्के ठाऊक असते; याला डिसार्थ्रिया म्हणतात. स्नायूंत जोर असूनही उच्चाराच्या हालचालींची जुळणी बिघडते आणि माणूस तोंड वेगवेगळ्या प्रकारे हलवत अक्षर शोधत राहतो. ही उच्चाराची अॅप्रॅक्सिया. तिसरा प्रकार म्हणजे खुद्द भाषेलाच झालेली इजा, म्हणजेच वाचाघात किंवा अफेजिया. त्यात शब्द सापडत नाही, किल्ली म्हणायचे असताना कुलूप म्हटले जाते, वाक्याचे तुकडे पडतात, कधी समोरच्याचे लांब वाक्य समजत नाही, आणि लिहिणे-वाचणेही सहसा त्याबरोबर बिघडते. पक्षाघात झालेल्यांपैकी सुमारे एकतृतीयांश लोकांना हा त्रास होतो. घरच्या घरी एक खूण पाहता येते: ज्याला शब्द ठाऊक आहे पण उच्चारता येत नाही, तो डाव्या हाताने का होईना, पाटीवर लिहून किंवा मोबाइलवर अक्षरे दाबून दाखवू शकतो, वाचाघात असेल तर लिहितानाही तो तिथेच अडतो. अनेकांत हे प्रकार एकत्र असतात, त्यामुळे अंतिम निदान स्पीच थेरपिस्टकडूनच करून घ्यावे. या लेखातला सगळा पुरावा वाचाघाताविषयीचा आहे. निव्वळ बोबडेपणासाठी कोणी हाच पुरावा पुढे करत असेल तर तिथेच थांबावे.

स्पीच थेरपिस्ट भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणीकृत असणे १९९२ च्या कायद्यानुसार बंधनकारक आहे; नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच करण्याचे कारण नाही. मुंबईत वांद्र्याला असलेल्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेसारख्या सरकारी संस्थेत भाषेची तपासणी आणि वाचोपचार या दोन्ही सोयी आहेत. उद्दीपनाचा विचार करण्याआधी अशी एक तपासणी लेखी अहवालासह हातात असावी.

दोन पद्धती, दोन वेगळी यंत्रे

पहिली पद्धत टीडीसीएस या नावाने ओळखली जाते. मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या स्पंजाच्या दोन गाद्या डोक्याला पट्ट्याने बांधतात आणि त्यांतून १ ते २ मिलिअँपिअर इतका एकदिश प्रवाह सुमारे २० मिनिटे सोडतात. मोबाइलचा साधा चार्जर एक-दोन अँपिअर देतो, म्हणजे हा प्रवाह त्याच्या हजाराव्या हिश्श्याइतका आहे. एवढ्या प्रवाहाने चेतापेशी स्वतःहून पेटत नाहीत. धन टोकाखालच्या पेशींना पेटणे थोडे सोपे होते, इतकेच. जर्मनीतल्या गोटिंगन येथे नित्शे आणि पाउलुस यांनी २००० साली हा परिणाम माणसाच्या मेंदूवर मोजून दाखवला, आणि पुढच्याच वर्षी असेही दाखवले की, १३ मिनिटे दिलेल्या प्रवाहाचा परिणाम प्रवाह बंद केल्यावरही सुमारे दीड तास टिकू शकतो. ही मापे निरोगी माणसांच्या हालचालीच्या केंद्रावर घेतलेली आहेत, हे लक्षात ठेवावे. तरीही उद्दीपन आणि भाषेचा सराव एकाच वेळी का घेतात, याचे कारण इथे सापडते. पेशी ज्या वेळी शिकायला थोड्या अधिक तयार असतात, त्याच वेळी त्यांच्यासमोर शिकण्याचे काम ठेवायचे असते. २० मिनिटे प्रवाह घेत रुग्ण भिंतीकडे बघत बसला, तर त्या तयारीचा उपयोग भिंतीला होणार.

दुसरी पद्धत आरटीएमएस, म्हणजे चुंबकाचे ठोके पुन्हा पुन्हा देणे. इथे इंग्रजी आठच्या आकाराचे वेटोळे डोक्याजवळ धरतात, त्यातून क्षणभर जोरदार प्रवाह जातो, बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे मेंदूत वीज उत्पन्न होते आणि पेशी खरोखरच पेटतात. तत्त्व फॅरेडेने १८३१ साली मांडलेले, आणि माणसाच्या डोक्यावर त्याचा यशस्वी प्रयोग शेफील्डच्या अँथनी बार्कर यांनी १९८५ साली केला. सेकंदाला एक या संथ गतीने ठोके दिले तर खालचा भाग काहीसा शांत होतो, जलद गतीने दिले तर उत्तेजित होतो, असा सर्वसाधारण नियम मानला जातो. वाचाघातात बहुधा संथ ठोके उजव्या बाजूला देतात. हे ऐकून घरचे लोक हमखास गोंधळतात, कारण इजा तर डाव्या बाजूला झालेली असते. त्यामागची कल्पना अशी आहे की, डावी बाजू दुखावल्यावर उजवी बाजू वाजवीपेक्षा जास्त काम करू लागते आणि उरल्यासुरल्या डाव्या भागाला दाबते. उजवीला आवरले तर डावीला वाव मिळतो. बॉस्टनच्या मार्गारेट नेझर यांनी २००५ साली, झटक्याला बराच काळ लोटलेल्या चार रुग्णांवर केलेल्या कामात उजव्या बाजूच्या एका ठरावीक भागावर रोज १,२०० ठोके, म्हणजे बरोबर २० मिनिटे, असे १० दिवस दिले आणि त्यांचे चित्रांना नाव देणे सुधारले. चार हा आकडा लहान आहे, पण पुढच्या बऱ्याच प्रयोगांनी हाच साचा घेतला.

ही कल्पना सरसकट खरी मात्र नाही. ज्यांच्या डाव्या मेंदूचा मोठा भाग गेला आहे, त्यांच्यात उजवी बाजूच भाषेचा भार उचलत असू शकते, आणि तिला शांत करणे म्हणजे चालत्या बैलाला वेसण घालणे ठरेल. म्हणूनच रुग्णाचे एमआरआय न पाहता ‘आम्ही सगळ्यांना हेच देतो’ असे सांगणाऱ्या ठिकाणी मी माझ्या घरचे माणूस नेणार नाही.

पुरावा किती आणि कशाचा

सर्वांत उपयोगी आकडे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील साउथ कॅरोलायनातल्या एका चाचणीचे आहेत. युलियस फ्रिड्रिक्सन आणि सहकाऱ्यांनी झटक्याला सहा महिन्यांहून अधिक काळ लोटलेले ७४ रुग्ण घेतले. सर्वांना तीन आठवड्यांत १५ वेळा, संगणकावर चित्र-शब्दांचा सराव दिला. सुमारे निम्म्यांना त्या सरावात १ मिलिअँपिअरचा खरा प्रवाह २० मिनिटे होता आणि उरलेल्यांना खोटा, म्हणजे सुरुवातीला चुणचुण जाणवेल इतकाच देऊन बंद केलेला. खरा प्रवाह मिळालेल्या गटात बरोबर सांगितलेल्या शब्दांत सरासरी सुमारे १४ ची भर पडली आणि खोटा प्रवाह मिळालेल्या गटात सुमारे ८ ची. केंद्रांच्या पत्रकांत यातला ‘७० टक्के अधिक सुधारणा’ एवढाच भाग येऊ शकतो. मला दुसरा आकडा अधिक बोलका वाटतो: विजेशिवाय, निव्वळ नेटाच्या सरावाने जुन्या रुग्णांना आठ शब्द मिळाले.

याच्या उलट बाजूचाही पुरावा आहे. नेदरलँड्समध्ये स्पीलमन आणि सहकाऱ्यांनी झटक्यानंतरच्या सुरुवातीच्या महिन्यांतील ५८ रुग्णांना असाच प्रवाह शब्द शोधण्याच्या सरावासोबत दिला आणि २०१८ मध्येच प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांत खऱ्या-खोट्या प्रवाहात फरक आढळला नाही. सर्व चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन आढाव्याने २०१९ मध्ये म्हटले की, नामे आठवण्यात काही लाभ दिसतो, परंतु रोजच्या व्यवहारातील संवाद सुधारल्याचा पुरावा मिळत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने आरटीएमएसला २००८ साली मान्यता दिली ती नैराश्यासाठी. आपल्याकडेही ही यंत्रे बहुधा मानसोपचाराच्या केंद्रांत दिसतात ती त्यामुळेच, आणि तिथे स्पीच थेरपिस्ट नसणे हीच मोठी अडचण असते.

भरघोस वाचोपचाराचा पुरावा याहून भक्कम आहे. जर्मनीतील अनेक केंद्रांत मिळून १५६ जुन्या रुग्णांवर झालेल्या आणि २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या चाचणीत आठवड्याला किमान १० तास, तीन आठवडे असा वाचोपचार दिल्यावर रोजच्या संवादात सुधारणा झाली आणि ती सहा महिने टिकली. तेव्हा पैसे आणि वेळ दोन्ही मर्यादित असतील तर क्रम स्पष्ट आहे: आधी भरपूर वाचोपचार, मग जमल्यास त्याला उद्दीपनाची जोड.

कोणाला हे करू नये

न्यूरोलॉजिस्टकडे जाताना जुनी कागदपत्रे, विशेषतः शस्त्रक्रियेचे सारांश आणि बसवलेल्या वस्तूंची कार्डे सोबत न्यावीत. मेंदूतील रक्तवाहिनीला लावलेली धातूची क्लिप, कानात बसवलेले कॉक्लिअर इम्प्लांट, मेंदूत बसवलेली उत्तेजक तार, पेसमेकर यांपैकी काही असेल तर आरटीएमएस बहुधा बाद होते, आणि टीडीसीएसचाही निर्णय तज्ज्ञावरच सोडावा लागतो. डोक्यावर शस्त्रक्रिया होऊन कवटीचा तुकडा काढलेला असेल, तर हाड नसलेल्या जागेतून प्रवाह वेगळ्याच वाटेने जातो. ही गोष्ट सांगितल्यावाचून राहू नये. झटक्यानंतर एकदाही आकडी आली असेल, लोक ज्याला फिट म्हणतात ती, तर ते पहिल्याच वाक्यात सांगावे. आरटीएमएसने आकडी येण्याचा धोका कमी असला तरी शून्य नाही, आणि पक्षाघाताने दुखावलेल्या मेंदूत तो निरोगी मेंदूपेक्षा जास्त धरतात.

औषधांची संपूर्ण यादी द्यावी, अगदी गुडघेदुखीच्या गोळीसह, कारण ट्रामाडॉलसारखी वेदनाशामके आणि नैराश्यावरची काही औषधे आकडीचा उंबरठा खाली आणतात. उलट कार्बामॅझेपिनसारख्या आकडीविरोधी औषधाने टीडीसीएसचा परिणामच पुसला जातो, असे प्रयोगांत दिसले आहे. याचा अर्थ ती गोळी आपण होऊन बंद करायची असा मुळीच नाही. गोळी चालू आहे आणि त्यामुळे लाभाची शक्यता कमी आहे, एवढे लक्षात ठेवून हा खर्च करायचा की नाही ते ठरवायचे. रक्त पातळ ठेवण्याची औषधेही तशीच चालू राहतात.

केंद्रात कोणते प्रश्न विचारावेत

पहिला प्रश्न हा असावा: ती २० मिनिटे चालू असताना वाचोपचार कोण देणार, कोणत्या भाषेत, आणि कोणत्या शब्दांवर? याचे उत्तर ‘सेशन झाल्यावर तुम्ही बाहेर थेरपी घ्या’ असे आले, तर बाकीचे प्रश्न विचारण्याची गरज फारशी उरत नाही. आरटीएमएसच्या बाबतीत ठोके चालू असताना बोलणे अवघड असते हे मान्य, पण तिथेही सराव लगेच, त्याच खोलीत किंवा शेजारच्या खोलीत, सुरू व्हायला हवा.

त्यानंतर गाद्या किंवा वेटोळे नेमके कुठे ठेवणार आणि ती जागा कशावरून ठरवली, हे विचारावे. साउथ कॅरोलायनाच्या चाचणीत प्रत्येक रुग्णाची जागा त्याच्या स्वतःच्या एमआरआयवरून ठरवली होती. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी नाकाच्या मुळापासून डोक्याच्या मागच्या उंचवट्यापर्यंत आणि एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत टेप लावून, ठरावीक टक्केवारीने जागा काढतात. ही पद्धत जगभर मान्य आहे, पण ती रोज नव्याने मोजून करावी लागते. टेप न लावता अंदाजाने गादी बांधणारा तंत्रज्ञ दिसला तर तिथल्या तिथे विचारावे. आकडी आल्यास काय करणार, डॉक्टर इमारतीत असतात की फोनवर, आणि एकूण खर्च किती, त्यातला वाचोपचाराचा किती, हे लेखी घ्यावे.

उपचार संशोधनाचा भाग आहे असे सांगितले गेले, तर भारताच्या क्लिनिकल ट्रायल्स नोंदवहीतील क्रमांक मागावा. ही नोंदवही २००७ पासून चालू आहे आणि कोणालाही संकेतस्थळावर पाहता येते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे संशोधनासाठी होणाऱ्या जादा खर्चाचा भार सहभागी रुग्णावर टाकता येत नाही. एकीकडे ‘संशोधन’ म्हणायचे आणि दुसरीकडे प्रत्येक बैठकीची पावती फाडायची, असा प्रकार दिसला तर नैतिकता समितीच्या सचिवांचा पत्ता मागावा.

संमतीचा मुद्दा नातेवाईक उरकून टाकतात, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. वाचाघातात ‘हो’ हा शब्द बरेचदा आपोआप येतो. ‘नाही’ म्हणायचे असतानाही ‘हो’ निघते. तेव्हा एकच प्रश्न दोन उलट प्रकारांनी विचारावा. डोक्याला पट्टा बांधल्याचे चित्र दाखवून ‘हे लावू या का?’ असे विचारावे, आणि थोड्या वेळाने, दुसरे काही बोलून झाल्यावर, ‘हे नको, घरीच राहायचे का?’ असे विचारावे. दोन्हींना ‘हो’ आले तर संमती मिळालेली नाही. मग अंगठा वर आणि अंगठा खाली अशी दोन चित्रे ठेवून बोट दाखवायला सांगावे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारावे.

शब्दांची वही

हे काम घरच्यांचे आहे आणि दुसरे कोणी ते इतके चांगले करू शकत नाही. परदेशी चाचण्यांतील चित्रे जशीच्या तशी वापरली तर काय होते पाहा: बॉस्टनच्या प्रसिद्ध चित्र-नाव चाचणीत इग्लू, युनिकॉर्न आणि हार्प आहेत. बार्शीच्या शेतकऱ्याला त्यांची नावे आली नाहीत यात पक्षाघाताचा काही दोष नाही.

साधारण ६० वस्तूंची यादी करावी आणि त्यांचे फोटो शक्यतो घरातल्याच वस्तूंचे काढावेत: स्वतःचा चष्मा, स्वतःची छत्री, देवघरातली घंटा, विळी, किसणी, पोळपाट, टॉर्च, पासबुक. शब्द त्या माणसाच्या तोंडचा असावा. जो आयुष्यभर ‘फटफटी’ म्हणाला त्याच्याकडून ‘दुचाकी’ची अपेक्षा करू नये, मालवणीत किंवा अहिराणीत वेगळे नाव असेल तर तेच बरोबर धरावे. नातवंडांची आणि शेजाऱ्यांची नावे घ्यावीत. ज्यांचे निम्मे आयुष्य हिंदीत किंवा इंग्रजीत कचेरीत गेले त्यांच्यासाठी थेरपिस्टशी बोलून भाषा ठरवावी, पण एका फेरीत तीन भाषांची खिचडी करू नये.

या ६० पैकी ३० शब्दांचा सराव करायचा आणि ३० बाजूला ठेवायचे. चिठ्ठ्या टाकून दोन गट करावेत, कारण आपण निवडायला बसलो की सोपे शब्द नकळत सरावाच्या गटात जातात. उपचार सुरू होण्याआधी वेगवेगळ्या तीन दिवशी, सकाळच्या त्याच वेळी, सगळी ६० चित्रे मदत न करता दाखवावीत, प्रत्येकी १५ सेकंद थांबावे आणि फोनवर आवाज नोंदवावा. तीनदा कशासाठी, तर वाचाघाताच्या माणसाला आज ज्या वस्तूचे नाव आले ते उद्या येईलच असे नसते. एका दिवसाच्या आकड्यावर काहीच मोजता येत नाही. त्याखेरीज एक व्यवहारातले मापही ठेवावे, उदाहरणार्थ भाजीवाल्याकडून तीन वस्तू मागणे किंवा परदेशातल्या मुलीला व्हिडिओ कॉलवर ‘आज काय झाले’ ते सांगणे. निरोप पोहोचला की नाही एवढेच लिहावे, शुद्ध-अशुद्ध पाहू नये.

प्रत्यक्ष बैठक

साधारण क्रम आठवड्याला पाच दिवस आणि दोन ते तीन आठवडे असा असतो, म्हणून लग्नकार्य, सण आणि मुलाची बदली यांचा विचार करून तारीख घ्यावी. टीडीसीएसच्या दिवशी डोक्याला तेल लावू नये. खोबरेल तेलाचा थर असला की मिठाचे पाणी त्वचेपर्यंत पोहोचत नाही आणि यंत्र रोध जास्त असल्याचे दाखवते. आदल्या रात्री साध्या शांपूने केस धुऊन कोरडे करून जावे. गादीखाली येणाऱ्या जागी पुरळ, ओरखडा किंवा ताजा वस्तरा नको. स्पंज मिठाच्या पाण्यात भिजलेला, पण गळत नसलेला हवा. ओघळ आला तर प्रवाह गादीच्या बाहेर पसरतो, आणि स्पंज वाळला तर एका ठिकाणी एकवटून त्वचा भाजू शकते. नळाचे पाणी वापरताना दिसले तर सलाइन वापरण्याची विनंती करावी.

यंत्र प्रवाह अर्ध्या मिनिटात हळूहळू वाढवते. त्या वेळी मुंग्या, चुणचुण, थोडी खाज येणे नेहमीचे आहे आणि नंतर त्वचा काही वेळ लाल दिसते. इथे वाचाघाताची खरी अडचण समोर येते: निरोगी माणूस ‘अहो, भाजतंय’ असे म्हणेल, या माणसाला तेच म्हणता येत नाही, आणि झटक्यामुळे एका बाजूची संवेदना कमी असेल तर त्याला ते पुरते जाणवतही नाही. म्हणून पुठ्ठ्यावर हसरा, मध्यम आणि रडका असे तीन चेहरे काढून चांगल्या हाताखाली ठेवावेत, ‘हात वर केला की बंद’ ही खूण प्रवाह सुरू होण्याआधी दोनदा करून पाहावी, आणि पाच-पाच मिनिटांनी चेहऱ्यावर बोट ठेवायला सांगावे. गाद्या काढल्यावर खालची त्वचा घरच्यांनी स्वतः पाहावी.

आरटीएमएसची तयारी वेगळी आहे. श्रवणयंत्र, कानातले, केसांतल्या पिना, चष्मा काढून ठेवतात आणि दोन्ही कानांत बोळे घालतात, कारण प्रत्येक ठोक्याला वेटोळे मोठ्याने टक् टक् वाजते. सुरुवातीला ठोक्याची ताकद ठरवताना हालचालीच्या केंद्रावर वेटोळे धरून हाताचे बोट कधी उडते ते पाहतात. उजव्या बाजूला उपचार असेल तर हे बोट डाव्या, म्हणजे सहसा चांगल्या, हाताचे असते. ते आपोआप उडताना पाहून रुग्ण दचकतो, तेव्हा हे आधी हावभावांनी समजावलेले बरे.

आता सराव. समोर अडकित्त्याचा फोटो आहे. रुग्ण म्हणतो, ‘ते… ते… सुपारीचं.’ घाई करून शब्द सांगू नये. ‘बरोबर, सुपारीचंच. काय करतो आपण त्याने?’ रुग्ण हाताने कातरण्याची खूण करतो. मग पहिले अक्षर द्यावे, ‘अ…’. थांबावे. ‘अड…’. पुन्हा थांबावे. ‘अडकित्ता’ आला की त्याच्याकडून तो शब्द दोनदा सावकाश म्हणवून घ्यावा आणि एका छोट्या वाक्यात घालावा, ‘अडकित्ता दे’. नाही आला तर पूर्ण शब्द सांगावा, बरोबर म्हणावा आणि चित्र गठ्ठ्यात खाली सरकवून पाच चित्रांनंतर परत आणावे. ‘आठवा ना, रोज तर वापरायचात’ हे वाक्य या खोलीत कोणी बोलू नये. त्यांना वस्तू आठवते आहे. अडतो तो तिचा शब्द.

घरी संध्याकाळी आणखी अर्धा तास याच ३० शब्दांचा सराव विजेशिवाय करावा. चुकांची नोंद जशी ऐकली तशी लिहावी: किल्लीला कुलूप, किल्लीला ‘किप्पी’ आणि किल्लीला गप्प राहणे या तीन वेगळ्या चुका आहेत आणि थेरपिस्ट त्यांवरून पुढचा सराव बदलतो.

घरगुती यंत्रे आणि आकड्यांचा निकाल

ऑनलाइन मिळणारी किंवा नऊ व्होल्टच्या बॅटरीवर कोणी बनवून दिलेली यंत्रे या कामासाठी वापरू नयेत. मेंदूउद्दीपनाच्या संशोधकांनीच २०१६ साली, घरच्या घरी असे प्रयोग करणाऱ्यांसाठी जाहीर पत्र लिहून सावध केले होते, आणि ते निरोगी लोकांना उद्देशून होते. पक्षाघाताने मेंदूत पडलेली पोकळी द्रवाने भरते, द्रवातून वीज सहज वाहते, त्यामुळे पुस्तकातल्या चित्राप्रमाणे गादी लावूनही प्रवाह भलतीकडे जाऊ शकतो. काही केंद्रे देखरेखीखाली घरी वापरायला यंत्र देतात. त्यात प्रवाह आणि वेळ कुलूपबंद असावेत आणि प्रत्येक बैठकीला थेरपिस्ट व्हिडिओवर असावा, एवढी अट घालावी.

शेवटच्या बैठकीनंतर एका आठवड्याने आणि पुन्हा तीन महिन्यांनी तीच ६० चित्रे, त्याच वेळी, मदतीशिवाय दाखवावीत. सरावाचे ३० शब्द वाढले आणि बाजूला ठेवलेले ३० होते तिथेच राहिले, तर सराव लागू पडला आहे. पुढच्या फेरीत नवे शब्द घ्यावेत. दोन्ही गट वाढले तर ती फार चांगली गोष्ट आहे, मात्र झटक्याला सहा महिने झाले नसतील तर नैसर्गिक सुधारणेचा वाटा त्यात असणार. आठवड्यानंतर वाढ दिसली आणि तीन महिन्यांनी ओसरली, तर घरचा सराव बंद पडला होता का ते आधी पाहावे. आणि भाजीवाल्याकडचा निरोप आधीही पोहोचत नव्हता, आताही पोहोचत नसेल, तर शब्द वाढले असले तरी उद्दीपनाच्या दुसऱ्या फेरीचे पैसे थेरपिस्टच्या आणखी वेळेवर खर्च करावेत. वही आणि आवाजाच्या नोंदी पुढच्या भेटीला सोबत न्याव्यात. ‘बरे वाटते का?’ या प्रश्नाला घरातले चार जण चार उत्तरे देतात, आणि डॉक्टरांना त्यापेक्षा त्या वहीचा उपयोग जास्त होतो.